कॉइलवर साचणारा हिवाळा

परदेशातल्या थंड गावी घर थाटलेल्या लेकीकडे आईवडील जातात आणि पहिल्याच हिवाळ्यात घराबाहेरच्या हीट पंपातून वाफेचे लोट निघताना पाहून घाबरतात. पंखा बंद, आतून सुस्स असा आवाज, भोवती पांढरा धूर. आग लागली की काय! खरं तर यंत्र तेव्हा अंगावरचा बर्फ उतरवत असतं.

हीट पंप म्हणजे उलट्या दिशेनं चालणारा एसी. एसी घरातली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरची उष्णता आत आणतो. गारठलेल्या हवेतही उष्णता असतेच. फक्त ती घेणारी वस्तू हवेहून थंड हवी. यंत्रात फिरणारा आर-३२ हा गॅस साध्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे बाहेरची कॉइल हवेपेक्षा काही अंश थंड ठेवणं जमतं. बाहेर ३-४ अंश असताना कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतली वाफ थेट बर्फ होऊन तिला चिकटते. आधी पांढरी लव, मग थर. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमधल्या जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या फटी बुजल्या की हवा फिरायची थांबते.

थंडी जितकी कडक तितका बर्फ जास्त, असं वाटतं. पण तसं नाही. शून्य अंशाला एका घनमीटर हवेत सुमारे ५ ग्रॅम वाफ मावते, उणे २० ला जेमतेम एक ग्रॅम. म्हणून बर्फाचा खरा जाच शून्याच्या आसपासच्या ओलसर, धुकट हवेत होतो.

बर्फ काढायला यंत्र काही मिनिटं पुन्हा एसी बनतं. चार तोंडांचा व्हॉल्व्ह फिरतो, गरम गॅस बाहेरच्या कॉइलमध्ये जातो, दोन्हीकडचे पंखे थांबतात, बर्फ वितळून खाली गळतो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात आणि ती उष्णता मुख्यतः घरातूनच उचलली जाते. मात्र तोच बर्फ जमताना वाफेनं कॉइलला आठपटीहून अधिक उष्णता दिलेली असते. तेव्हा बर्फाला निव्वळ चोर ठरवणं अन्यायाचं आहे. जुनी यंत्रं ठरावीक वेळानं बर्फ उतरवत, गरज असो वा नसो. नवी यंत्रं कॉइलचं तापमान पाहून ठरवतात.

हे झालं परदेशातलं; आपल्या वर्ध्याला याच्याशी काय घेणंदेणं? २९ डिसेंबर २०१८ ला शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा पहाटे आपल्याकडचा हॉट अँड कोल्ड एसीही मध्येच गरम हवा थांबवू शकतो. मेकॅनिकला फोन लावण्याआधी दहा मिनिटं थांबावं. मे महिन्यात घरातल्या युनिटवर बर्फ धरला, तर मात्र आधी धुळीनं भरलेला फिल्टर धुवावा; तरीही धरला तर गॅस कमी झाल्याची शंका घ्यावी. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फ सुरीनं खरवडणं तर कायमचं सोडावं. बर्फाच्या मागेच गॅसची नळी असते. तिला भोक पडलं की फ्रिज गेला.

वर्धा जिल्ह्यात या बर्फाचा खरा हिशोब लागतो तो संत्र्याच्या गोदामात. कारंजा, आष्टी, आर्वी हा आपला संत्र्याचा पट्टा. नागपुरी संत्रा साठवायचा तर ६-७ अंश तापमान आणि ९०-९५ टक्के आर्द्रता लागते. तिथल्या कॉइलवर जमणारं पाणी बरंचसं फळांच्या सालीतून आलेलं असतं. कॉइल अपुरी असेल, तर खोली गार ठेवण्यासाठी तिला फार थंड व्हावं लागतं. ती हवेतला ओलावा ओढते, हवा फळातला ओढते, साल सुरकुतते, वजन घटतं. शेतकऱ्यानं मोजून ठेवलेला माल काट्यावर कमी भरतो. यंत्रणा बसवताना कॉइलवर वाचवलेला पैसा असा फळातून जातो, हे गोदाम बांधणाऱ्याला ठासून सांगायला हवं. दार उघडं राहिलं की बाहेरची दमट हवा शिरून थर आणखी वाढतो.

सुदैवानं इतक्या तापमानाला बर्फ काढायला आइस्क्रीमच्या उणे १८ अंशांच्या खोलीसारखा हीटर लागत नाही. कॉम्प्रेसर बंद करून पंखे चालू ठेवले, की ६ अंशांची हवाच बर्फ वितळवते आणि त्यातला काही ओलावा परत खोलीत, फळांभोवती पसरतो.