जहाजावर बाटली नेताय? आधी नियम वाचा!

लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून मुलांनी आईवडिलांना सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटे काढून दिलेली असतात. सूटकेसमध्ये चिवडा, चकल्या, नवी साडी, औषधांचा डबा आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली व्हिस्कीची बाटली. या शेवटच्या वस्तूची सौभाग्यवतींना कल्पना असतेच असे नाही. जहाजावर चढून तीन तास होतात. शेजारच्या केबिनींसमोर सामान येऊन पडते, यांची सूटकेस मात्र येत नाही. मग निरोप येतो, सुरक्षा कक्षात या. तिथे दहाबारा अनोळखी प्रवाशांच्या देखत यजमानांना स्वतःच्या हाताने सूटकेस उघडावी लागते. टॉवेल उलगडतो. कर्मचारी नम्रपणे हसतो, पण बायको हसत नाही.

क्रूझच्या पहिल्या दिवशी असे प्रसंग मोठ्या जहाजांवर नित्याचे असतात. अमेरिकेतल्या नेहमीच्या प्रवाशांनी तर या कक्षाला 'खोडकरांची खोली' असे नावच देऊन टाकले आहे. बाटलीबरोबर तिथे इस्त्री आणि विजेवरची किटलीही अडकते. केबिनमध्ये आग लागण्याची भीती असल्याने बहुतेक जहाजांवर त्यांना बंदी असते. सकाळचा चहा स्वतः करून पिणाऱ्या आपल्या मंडळींनी हेही ध्यानात ठेवलेले बरे.

एवढी झडती कशासाठी?

बाटली म्हणजे काही बॉम्ब नव्हे. मग तिच्यासाठी एवढा खटाटोप का? उत्तर कंपन्यांच्या ताळेबंदात सापडते. कार्निव्हल कॉर्पोरेशन या जगातल्या सर्वांत मोठ्या क्रूझ कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर होते. त्यातले सुमारे ७.५ अब्ज, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, तिकिटांतून आलेच नव्हते. ते आले जहाजावरचे मद्य, जुगार, दुकाने, किनाऱ्यावरच्या सहली अशा वरखर्चातून. तिकीट स्वस्त वाटते ते याच जोरावर. प्रवासी स्वतःची बाटली घेऊन केबिनमध्ये बसला, तर हा हिशेब कोलमडतो.

पण केवळ नफेखोरी म्हणून हात झटकणेही बरोबर नाही. बारमध्ये कोणी किती घेतली यावर निदान कोणाची तरी नजर असते. समुद्राकडे उघडणाऱ्या बाल्कनीत, बंद दाराआड संपणाऱ्या बाटलीवर कोणाची नजर असणार? आणि त्याच केबिनमध्ये कॉलेजात जाणारा मुलगा असेल तर?

काय चालते, काय नाही

सगळ्या जहाजांना एकच नियम नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या कंपन्या चढण्याच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलिलिटरची एक सीलबंद वाइन किंवा शॅम्पेन आणू देतात. व्हिस्की, रम, बिअर नाही. ही बाटली हातातल्या पिशवीतच हवी. नॉर्वेजियन कंपनी वाइनच्या कितीही बाटल्या आणू देते, मात्र प्रत्येक बाटलीमागे १५ डॉलर 'कॉर्केज', म्हणजे बूच उघडण्याचे शुल्क घेते. डिस्नेच्या जहाजांवर वाइनऐवजी बिअरचे सहा कॅनही चालतात. 'प्रौढ' कोण हेही ठिकाणागणिक बदलते. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर २१ वर्षांचा, तर आशियातून सुटणाऱ्या बऱ्याच जहाजांवर १८ वर्षांचा.

मुंबईहून विमानाने जाऊन सिंगापूरला जहाज पकडणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. घरून नेलेली बाटली विमानात हातातल्या पिशवीत चालत नाही, कारण तिथे १०० मिलिलिटरची मर्यादा. जहाजावर मात्र ती हातातच लागते. म्हणून विमानात दिलेल्या सूटकेसमधून काढून बंदरावर जाण्यापूर्वीच ती पिशवीत ठेवावी.

नियम चुकवण्याच्या नाना युक्त्या लोकांनी काढल्या आहेत. माउथवॉशच्या बाटलीत रंग मिसळलेली व्होडका काय, प्लॅस्टिकच्या चपट्या पिशव्या काय! पाण्याच्या बाटल्यांतून दारू आणण्याचे प्रकार इतके वाढले की २०१५ मध्ये कार्निव्हलने बाटलीबंद पाणी आणण्यावरच बंदी घातली. चारजणांच्या चलाखीपायी साधे पाणी नेऊ पाहणारे प्रवासीही त्यात भरडले गेले. लपवलेली दारू परत मिळेलच असे नाही आणि फारच झाले तर प्रवाशाला पुढच्या बंदरावर उतरवण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. एका बाटलीसाठी परक्या देशात बायकामुलांसह उतरणे कोणाला परवडणार?

मद्याचे 'पॅकेज' घ्यायचे तर आधी हिशेब करावा. अनेक कंपन्यांचा नियम असा, की केबिनमधल्या एका प्रौढाने पॅकेज घेतले तर दुसऱ्यानेही घेतलेच पाहिजे. म्हणजे जिने आयुष्यात कधी थेंब चाखला नाही, त्या गृहिणीच्याही नावाने पैसे मोजायचे! न पिणाऱ्याला फक्त सरबत-कॉफीचे पॅकेज चालेल का, हे आरक्षण करतानाच विचारावे. संध्याकाळी एखाददुसरा पेला घेणाऱ्याला सुटे पैसे देणेच बहुधा स्वस्त पडते.

आपल्याकडेही नियम सैल नाहीत. २०२१ पासून मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजावर बाहेरची दारू नेता येत नाही. गोव्यात उतरल्यावर स्वस्त बाटल्यांचा मोह अनेकांना होतो. पण 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असे छापलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. मूळचा हा कायदा १९४९ चा, पण तो अजून लागू आहे.

परदेशी क्रूझवर वाटेतल्या बंदरात घेतलेली बाटली बहुतेक कंपन्या चढताना पावती देऊन ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री किंवा उतरण्याच्या सकाळी परत करतात. सूटकेसेस मात्र आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात. तेव्हा त्या सकाळी बाटली हातात घेऊन उतरायचे, धक्क्यावर सूटकेस मिळाली की कपड्यांत गुंडाळून आत ठेवायची आणि मगच विमानतळ गाठायचा. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंतच दारू शुल्काशिवाय आणता येते.