सांभाळ करणाऱ्यांचा हिशेब कोण ठेवणार?



मागे एका अंकात मी अक्कलकुवा तालुक्यातील एका पाड्यावरच्या मुलाविषयी लिहिले होते. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. वय सोळा, पण स्वतःहून उठून बसता येत नाही. घास भरवावा लागतो, रात्री दोनदा कूस बदलावी लागते. त्याचे दिव्यांग प्रमाणपत्र काढून संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान सुरू व्हायला आम्हाला अकरा महिने लागले. पहिले पैसे खात्यात जमा झाले, तेव्हा आम्ही सर्वांनी देवाचे आभार मानले. मी फोटो काढला आणि वहीत त्याच्या नावापुढे 'काम पूर्ण' असे लिहिले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा त्याची तेरा वर्षांची बहीण दिसली नाही. मी आईला विचारले, "ताई, पोरगी शाळेत गेली का?"

ती म्हणाली, "नाही दादा. बापासोबत गेली, गुजरातला. ऊस तोडायला."

उसाच्या टोळीत दोन माणसांची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आई मुलाला टाकून जाऊ शकत नव्हती, म्हणून कोयता पुरा करायला मुलगी गेली. अनुदानाने मुलाच्या औषधांची आणि तेलमीठाची थोडी सोय झाली होती. पण त्याच्याजवळ चोवीस तास कोणी तरी बसण्याची जी किंमत होती, ती त्याच्या बहिणीने शाळा सोडून भरली. माझ्या वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

सरकारच्या अर्जातही तो नाही. म्हणून या अंकात मी तीन गोष्टी समजावून सांगणार आहे: घरी सांभाळल्या जाणाऱ्या माणसासाठी आज काय मिळते, सांभाळणाऱ्यासाठी कायद्यात काय लिहिले आहे, आणि गावाच्या पातळीवर आपण काय मागू शकतो.

रुग्णासाठी काय मिळते?

सुरुवात दिव्यांग प्रमाणपत्रापासून होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मोजले जाते. आपल्या भागासाठी महत्त्वाचे म्हणजे त्यात सिकलसेलही आहे. अनेक घरांना हे माहीत नसते. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. अर्ज ऑनलाइन करून जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि मग युडीआयडी कार्ड मिळते. खाटेवरच्या माणसाला डोंगरावरून तिथपर्यंत न्यायचे कसे, हा खर्च कुठल्याच कागदावर नसतो.

दुसरे, मासिक अनुदान. संजय गांधी निराधार योजना ६५ वर्षांखालील निराधार, दिव्यांग, विधवा आणि गंभीर आजारी व्यक्तींसाठी आहे, तर ६५ वर्षांपुढील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दोन्हींची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यात आली. अर्ज तहसील कार्यालयात जातो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की अनुदान थांबते, आणि घरच्यांना ते बँकेत गेल्यावरच कळते.

तिसरे, निरामय आरोग्य विमा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण मिळते. बाह्यरुग्ण तपासणी आणि फिजिओथेरपीसारखे उपचारही त्यात धरले आहेत. अडचण एवढीच, की आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायचा आणि नंतर बिले जोडून तो परत मागायचा. ज्याच्या घरात आठवड्याच्या बाजारापुरतेच पैसे असतात, त्याने आधी खर्च करायचा कुठून? म्हणून बिले सांभाळणे आणि अर्ज भरणे हे काम आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले, तरच हा विमा पाड्यावर पोहोचतो.

सांभाळणाऱ्यासाठी काय आहे?

याच २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांची यादी आहे. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे, अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्ता असावा, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. कलम ३८ नुसार अशा व्यक्तीला किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणाला जास्त आधारासाठी अर्ज करता येतो आणि त्याची तपासणी एका मंडळाने करायची असते. मात्र कलम २४ च्या सुरुवातीलाच एक अट आहे. सरकारने या योजना आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत आखायच्या आहेत. म्हणजे कायद्याने दार दाखवले, पण ते कधी आणि किती उघडायचे, हे राज्याच्या अंदाजपत्रकावर सोडले.

काही राज्यांनी ते थोडे उघडले आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा पूर्ण वेळ सांभाळ करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरवले गेले. रक्कम लहान आहे, आणि वाटप रखडल्याच्या तक्रारी तिथेही झाल्या. तरीही त्या यादीत सांभाळणाऱ्याचे स्वतःचे नाव आहे. तामिळनाडूने २०२१ मध्ये घरोघरी आरोग्यसेवेची योजना सुरू केली. तीत रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर फिजिओथेरपी आणि वेदनाशामक काळजीही घरी दिली जाते.

"डोंगरात हे कसे जमणार?" असे मला एकदा एका बैठकीत विचारण्यात आले. मी आशाताईंचे उदाहरण दिले. बाळ जन्मले की आशाताई पहिल्या ४२ दिवसांत त्या घरी ठरलेल्या भेटी देते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा आणि घरी जन्मलेल्या बाळासाठी सात. कोणत्या दिवशी जायचे, काय तपासायचे, हे ठरलेले आहे आणि त्याचा मोबदलाही ठरलेला आहे. आपल्या पाड्यांवरही हे चालते. आयुष्मान आरोग्य मंदिरात द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांत वृद्धांची आणि असाध्य आजारातील वेदनाशामक काळजी आहेच. पण मी जातो त्या पाड्यांवर खाटेवरच्या आजीसाठी अशा ठरलेल्या भेटी अजून पाहिल्या नाहीत. नवजात बाळासाठी जसा तक्ता केला, तसाच तिच्यासाठी करायला हवा.

आणि सांभाळणे ही मजुरी आहे, हे सरकारने एके ठिकाणी मान्यही केले होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर एका स्त्रीने त्यांना सांभाळायचे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, अशी तरतूद केली होती. खोदणारीचा दिवस आणि मुले राखणारीचा दिवस सारखाच धरला गेला.

गावाच्या आराखड्यात काय मागावे?

राज्याची योजना येईल तेव्हा येईल. गावात मात्र दोन निधी आजच आहेत.

पहिला, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. डोंगरातल्या पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न फार थोडे, त्यामुळे ही रक्कम लहान असते. तरी ती मागितली नाही तर पडून राहते.

दुसरा, पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतून मिळणारा ५ टक्के अबंध निधी. तो कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभा ठरवते. त्यात आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण हा एक स्वतंत्र भाग आहे. गावासाठी दोन उंच पलंग, एक कमोड खुर्ची, घरात वापरता येईल असा उतार, अशा सामाईक वस्तूंचा ठराव या भागाखाली मांडायला जागा आहे. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्याच महिन्यात ग्रामसभेत बोलले पाहिजे. दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडणीला निघून जातो आणि होळीलाच परततो.

बोलण्याआधी यादी हवी. आमच्या कार्यकर्त्यांनी आता घरभेटीच्या वहीत तीन नवे प्रश्न घातले आहेत: या माणसाला दिवसभर कोण सांभाळते? त्यासाठी तिने कोणते काम किंवा शाळा सोडली? तिला काय हवे आहे?

तिसरा प्रश्न मी त्या आईला विचारला, तेव्हा ती पैसे मागेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "दिवसाला दोन तास कोणी बसलं याच्याजवळ, तर मी पाणी आणीन, लाकडं आणीन. बाजाराला जाईन. तीन वर्षं झाली, बाजार पाहिला नाही."

डिप्लोमाच्या वर्गात आम्ही शुभवर्तमानातला पक्षाघाती मनुष्य शिकलो, ज्याला चौघांनी खाटेवर वाहून आणले. त्या मनुष्यावर मी कितीतरी वेळा संदेश दिला आहे. त्या चौघांचा दिवस कसा बुडाला असेल, हे मी कधी विचारले नाही. आता विचारतो.

सध्या त्या पाड्यावरच्या दोन बहिणी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मुलाजवळ बसतात. आई बाजाराला जाते. मुलगी होळीला परतली आणि जूनमध्ये आश्रमशाळेत दाखल झाली. तिचा एक वर्ग बुडाला. येत्या दिवाळीनंतर ती शाळेतच राहील का, हे मात्र अजून ठरलेले नाही, कारण कोयत्याचा प्रश्न तसाच आहे.

आपल्या गावात, आपल्या मंडळीत असे एखादे घर असेल. या महिन्यात तिथे जा. खाटेवरच्या माणसाची विचारपूस कराच, आणि मग स्वयंपाकघरात जी कोणी असेल तिलाही हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे लिहून घ्या. २ ऑक्टोबरला ग्रामसभेत ती वाचून दाखवायची आहेत.