रिठी गावे आणि त्यांचे तलाव

गोंदिया जिल्ह्यातील महसुली दप्तर चाळले असता काही मौजांच्या नावापुढे 'रिठी' हा शब्द लिहिलेला आढळतो. ज्या मौजात एकही घर नांदत नाही, ते रिठी गाव होय. जुन्या फारसी वळणाच्या दप्तरी भाषेत अशा गावास 'बेचिराग', म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते, असे म्हणत. खानेसुमारीतही अशी गावे निर्जन म्हणून निराळी दाखविली जातात. परंतु गाव उठले तरी मौजा उठत नाही, ही गोष्ट शेतकऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावी. शीव, नकाशा, पांदण, चराईची जागा आणि तलाव ही कागदोपत्री कायमच राहतात. नाहीशी होते ती केवळ वस्ती.

गाव रिठी का होते, याचा विचार करताना धानाच्या शेतीकडे पाहिले पाहिजे. धान निसवण्याच्या वेळी पाऊस दडी मारतो आणि हस्ताचे पाणी चुकले म्हणजे उभे पीक हातचे जाते. त्या वेळी बांध्यांना आधार असतो तो तलावाचा किंवा बोडीचा. म्हणूनच या प्रदेशात कोहळी समाजाने पूर्वी ठिकठिकाणी तलाव बांधून गावे वसविली. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जेथे तलाव टिकला तेथे गाव टिकले. लहान टोलीची बोडी गाळाने भरली, अथवा अतिवृष्टीत तिची पाळ फुटून ती पुन्हा बांधली गेली नाही, तर चार-दोन घरे शेजारच्या मोठ्या गावी जातात व तेथून जुन्या शिवारातील शेती करू लागतात. मागे राहिलेल्यांना सोबत उरत नाही, तेव्हा तेही निघतात. याप्रमाणे गाव एका दिवसात उठत नाही. ते हळूहळू झिजते.

या झिजेस आपत्तींनी वेग दिला. १८९६-९७ व १८९९-१९०० या सालांच्या दुष्काळांनी तत्कालीन मध्यप्रांताची लोकसंख्या १८९१ च्या मानाने १९०१ साली घटली. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा तडाखाही या प्रांतास फार मोठा बसला. मोठे गाव अशा संकटातून सावरते; दहा घरांच्या टोलीस ते जमणे कठीण.

अलीकडच्या काळात वन्यजीवांच्या रक्षणासाठीही गावे उठली आहेत. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली जाहीर झाला. उद्यानातील झंकारगोंदी, कालीमाटी व कवलेवाडा येथील लोकांना सौंदडनजीक श्रीरामनगर येथे वसविण्यात आले. व्याघ्र क्षेत्रातून अशी गावे हलविताना ग्रामसभेची माहितीपूर्ण व स्वखुशीची संमती घ्यावी, असे २००६ च्या वनहक्क कायद्यात सांगितले आहे.

आता मुख्य प्रश्न रिठी मौजातील तलावाचा. मालगुजारीच्या काळी तलावाची देखभाल मालगुजाराकडे असे आणि गावकरी अंगमेहनत देत. मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा १९५१ साली अंमलात येऊन मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. पूर्व विदर्भात असे माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. वस्तीच्या गावातील तलावासाठी निदान ओरड करणारे कोणी असते. रिठी मौजातील तलावासाठी कोणीच बोलत नाही. सांडवा ढासळतो, पोटात बेशरम माजते, काठची जमीन कोणीतरी आपल्या बांधीत ओढून घेतो, आणि खालच्या शिवाराचे पाणी तुटते. ते शिवार ज्या शेजारच्या गावाचे लोक कसतात, त्या गावालाही मग तीच झीज लागते.

यास्तव अशा मौजात शेती असणाऱ्या बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात. पहिली, तहसील कचेरीतून त्या मौजाचे निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढाव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ व १६५ अन्वये हे कागद ठेवले जातात. पाणी, वाट, चराई व मासेमारी यांविषयीच्या वहिवाटी त्यांतून कळतात. दुसरी, तलावाच्या क्षेत्राची मोजणी मागून अतिक्रमण असल्यास लेखी अर्ज द्यावा. तिसरी, उन्हाळ्यात सर्वांनी मिळून गाळ उपसून तो आपापल्या बांध्यांत टाकावा. त्याने तलाव खोल होतो आणि हलक्या जमिनीस कस येतो. या कामासाठी शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. चौथी, पावसाळ्यापूर्वी पाळ व सांडवा पाहून ठेवावा.

जुन्या गावठाणात आज मातामायचे ठाणे, चार चिंचा व खापऱ्यांचे तुकडे एवढेच दिसत असेल. पण त्याच्या वरच्या अंगास पाणी साठत असेल, तर त्या मौजाचे शिवार अजून जिवंत आहे. ते तसेच राखणे हे आज ज्या गावात दिवा लागतो, त्याच्याच हिताचे आहे.