‘बिकॉज’ आला की ‘सो’ नको

आमची भाची दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. आता ती नांदेडला पदव्युत्तर वर्गात आहे. गेल्या महिन्यात तिच्या प्रकल्पाची पाने तपासून परत आली आणि ती रडवेली होऊन आमच्याकडे आली. “मामू, माहिती सगळी बरोबर आहे, तरी पानोपानी लाल खुणा!”

विषय होता लातूरच्या पाणीटंचाईचा. आम्ही पाने वाचली. माहिती खरोखरच बरोबर होती. चुका होत्या त्या कारण आणि परिणाम जोडणाऱ्या छोट्या इंग्रजी शब्दांत.

ही अडचण तिच्या एकटीची नाही. विष्णुपुरी म्हटले की गोदावरीवरचे धरण आठवते. पण आज तिथे १९८१ पासूनची अभियांत्रिकी संस्था आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची मुले-मुली या विद्यापीठाच्या कक्षेत शिकतात. त्यांत आपल्या घरातल्या, मराठी-उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीही आहेत. विषय समजलेला असतो, पण उत्तर इंग्रजीत मांडताना गाडी अडते. म्हणून भाचीच्या वहीतल्याच चुका इथे देत आहोत.

जोडी नको, एकच शब्द

उर्दूत आपण म्हणतो, “चूँकि बारिश कम हुई, इसलिए बांध नहीं भरा.” ‘चूँकि’ आणि ‘इसलिए’ ही जोडी तिथे शोभते. तीच सवय इंग्रजीत उतरली आणि भाचीने एकाच वाक्यात आधी ‘बिकॉज’ व पुढे ‘सो’ लिहिले. इंग्रजीत दोहोंपैकी एकच चालतो. ‘बिकॉज’ कारणाच्या आधी येतो, ‘सो’ परिणामाच्या आधी. अभ्यासाच्या लेखनात ‘सो’ऐवजी ‘देअरफोर’, ‘हेन्स’ किंवा ‘ॲज अ रिझल्ट’ अधिक शोभतात. मात्र या तिन्हींच्या आधीचे वाक्य पूर्णविरामाने संपवावे. दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडू नयेत.

‘मुळे’ची कसोटी

‘बिकॉज’ आणि ‘ड्यू टू’ यांचा अर्थ जवळचा, पण जागा वेगळी. इथे आपली मराठी मदतीला येते. ‘कारण पाऊस कमी झाला’ यात क्रियापद असलेले पूर्ण वाक्य आहे, तिथे ‘बिकॉज’. ‘कमी पावसामुळे’ यात नुसते नाम आहे, तिथे ‘ड्यू टू’ किंवा ‘बिकॉज ऑफ’. मनात ‘मुळे’ लावून पाहावे. सहज बसला तर ‘ड्यू टू’. ‘सिन्स’ हा शब्दही ‘कारण’ या अर्थाने येतो, पण तो ‘पासून’ या अर्थानेही येतो. वाचताना थांबून अर्थ पाहावा.

दिशा उलटू नये

सर्वांत मोठी चूक एका लहान शब्दाने केली होती. ‘रिझल्टेड इन’च्या पुढे परिणाम येतो, ‘रिझल्टेड फ्रॉम’च्या पुढे कारण. भाचीने ‘इन’च्या जागी ‘फ्रॉम’ लिहिले आणि वाक्याचा अर्थ झाला: धरण कोरडे पडले म्हणून पाऊस कमी झाला! वाचून ती स्वतःच हसू लागली. परीक्षेत मात्र असे एक अक्षर समजलेल्या विषयाचे गुण घालवते.

दावा किती मोठा?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडे पडले होते. पण या टंचाईचे कारण फक्त पाऊस होता का? उसाला लागणारे पाणी आणि भूजलाचा उपसा यांचीही चर्चा तेव्हा झाली. अशा वेळी ‘कॉज्ड’ म्हटले तर सगळा भार एकाच कारणावर पडतो. ‘कॉन्ट्रिब्यूटेड टू’ म्हणजे अनेक कारणांतले हे एक. ‘असोसिएटेड विथ’ म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसल्या एवढेच. एकीमुळे दुसरी झाली असे नव्हे. ‘मे लीड टू’ म्हणजे तसे होऊ शकते.

हा फरक घरातही उपयोगी पडतो. अमुक काढा घेतला आणि ताप उतरला, असा संदेश मोबाइलवर येतो. काढ्यानंतर उतरला हे खरे असेल, पण काढ्यामुळे उतरला का? जेवढे ठाऊक तेवढेच सांगणे ही अभ्यासाची शिस्त आहे आणि सचोटीचीही.

आम्ही भाचीसोबत एक साधा उपाय केला. रोज संध्याकाळी तिच्या पाठ्यपुस्तकाचे एक पान घ्यायचे, कारणाखाली एक रेघ, परिणामाखाली दोन रेघा आणि जोडणाऱ्या शब्दाभोवती गोल. नंतर तेच वाक्य मराठीत मोठ्याने सांगायचे. हे करून घ्यायला आई-वडिलांना इंग्रजी यावेच लागते असे नाही. मुलीने सांगितलेले मराठी वाक्य पटते की नाही, एवढे ऐकले तरी पुरे.

पुढच्या आठवड्यात ती पाने पुन्हा देणार आहे. लाल खुणा या वेळी कमी असतील, इन्शाअल्लाह.