उकळायचा नाही असा चहा : ऊलाँगचा सुगंध येतो कुठून?

नागापूरसारख्या गावात, जिथे एमआयडीसीच्या पाळ्यांवर टपऱ्यांची पातेली चढतात, तिथे चिनी ऊलाँगवर बोलायचं म्हणजे धाडसच. पण मागच्या खेपेला एक प्रश्न आला होता : महागाचा ऊलाँग आणला, नेहमीसारखा उकळला, तर नुसता कडू पाला लागला, आमची फसवणूक झाली का? आम्हीही पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं, वर दूधही घातलं होतं. तर आज त्याचंच उत्तर पाहू.

झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. टपरीवरचा सीटीसी चहा म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून दाणे केलेलं पान. त्याचा रस हवेला लागतो आणि ते पूर्ण काळपट होतं. हिरव्या चहात उलट, पान लगेच तापवतात म्हणून हिरवं राहतं. ऊलाँग या दोघांच्या मधला.

आता चीनच्या फूच्येन प्रांतात जाऊ. तिथल्या आनशी भागात 'थिएग्वानयिन' नावाचा सुगंधी ऊलाँग होतो. ग्वानयिन ही करुणेची देवता, मूळचा आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या लेण्यांत दिसतो तोच. खुडलेलं पान आधी उन्हात कोमेजू देतात. मग ते बांबूच्या मोठ्या टोपल्यांत हलवायचं, थांबायचं, पुन्हा हलवायचं. असे तासन् तास. पानाच्या कडा ठेचकाळतात, मधला भाग हिरवा राहतो.

गंमत इथेच आहे. झाडापासून तुटलं तरी पान अजून जिवंत असतं, आणि त्या मारामुळे त्याच्या पेशी नेरोलिडॉल, इंडोल असे सुगंधी रेणू तयार करतात. इंडोल जाईच्या वासातही असतं. म्हणून एकही फूल न घालता कपातून फुलांचा वास येतो! हवा तसा वास आला की कारागीर पान तापवून ही क्रिया थांबवतो, मग फडक्यात आवळून त्याच्या गोळ्या वळतात. केव्हा थांबायचं हे नाकावर ठरतं. आमच्या मते पुड्याची किंमत बरीचशी त्या नाकाची असते.

म्हणूनच पुडा उघडताच अत्तरासारखा भपकारा आला आणि दुसऱ्या पाण्याला वास गायब झाला, तर वरून सुगंध मारलाय अशी शंका घ्यावी. चांगल्या ऊलाँगच्या गोळ्या उलगडायला वेळ लागतो. पहिलं पाणी बेताचंच, खरी मजा दुसऱ्या-तिसऱ्याला.

करायचा कसा? लहान भांडं घ्या. 100 मिली पाण्याला 5-6 ग्रॅम पान. घाबरू नका हो, तेच पान पाच-सहा वेळा चालतं. नगर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. या चहाला तेवढं पुरतं. पाणी ओता, 20-30 सेकंद थांबा, आणि सगळंच्या सगळं गाळून घ्या. थोडं पाणी पानात राहिलं की पुढचा घोट कडू. दर खेपेला दहाएक सेकंद वाढवा. इतका खटाटोप नको असेल, तर मोठ्या कपाला 2-3 ग्रॅम आणि तीन मिनिटं.

पातेल्यात खदखदवलं तर सुगंध वाफेबरोबर उडतो आणि तुरट द्रव्यं तेवढी पाण्यात उतरतात. सीटीसीत तो तुरटपणा दुधाची प्रथिनं आवरतात, म्हणून आपला चहा जमतो. तो वाईट नाही, त्याची रीतच वेगळी.

राहता राहिलं पाणी. आठव्या शतकातल्या लू यू याने 'चा चिंग' या ग्रंथात डोंगरातलं पाणी उत्तम, नदीचं मध्यम आणि विहिरीचं कनिष्ठ ठरवलं होतं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात. चहावर तवंग धरतो, वास दबतो. पटत नसेल तर एकाच पुड्याचे दोन कप करा, एक बोअरच्या पाण्याचा, एक फिल्टरच्या.

प्रश्न विचारणाऱ्यांनी तो पुडा अजून फेकला नसेल, तर आज घरी जाऊन एवढं करून पाहा. दुसऱ्या पाण्याला वास कसा आला, ते पुढच्या वेळी आम्हाला सांगा.