दिवाळीचा फराळ आणि वजनाचा काटा

वजन वाढलं की त्याचं खापर दिवाळीच्या चार दिवसांवर फुटतं. खरं तर खाण्यापिण्याचा मोसम गणपतीतल्या उकडीच्या मोदकांपासूनच सुरू होतो. मग नवरात्राचे उपास, दसऱ्याचं श्रीखंड, कोजागिरीचं मसाला दूध, दिवाळीचा फराळ, तुळशीचं लग्न आणि त्यापाठोपाठ लग्नसराई. संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत हे चार-पाच महिने सरतात. या काळात वजनाबद्दल घरोघरी जे सल्ले दिले-घेतले जातात, त्यांतले बरेचसे ऐकीव असतात.

गैरसमज : दिवाळीत एकदम दोन-तीन किलो चरबी चढते.

वस्तुस्थिती : एक किलो चरबी साठायची तर गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. याचा हिशेब लाडवांत करून पाहू. दोनशे ग्रॅम बेसन, शंभर ग्रॅम तूप आणि दीडशे ग्रॅम पिठीसाखर घेतली, तर चाळीस-चाळीस ग्रॅमचे अकरा लाडू वळले जातात आणि एका लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे एक किलो चरबीसाठी नेहमीचं जेवण जेवून वर सदतीस-अडतीस लाडू खावे लागतील.

मग लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो पुढे का जातो? ते बहुतांशी पाणी असतं. चिवडा, चकली, शेव यांतल्या मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवतं. गोड आणि पिठूळ पदार्थांतली साखर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठते, तेव्हा तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही साठतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की हे पाणी काही दिवसांत निघून जातं.

गैरसमज : सणात वाढलेलं वजन नंतर आपोआप उतरतं.

वस्तुस्थिती : पाणी उतरतं, चरबी सहसा राहते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९५ प्रौढांची वजनं सणासुदीच्या आधी, त्या काळात आणि नंतर नोंदवली. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सरासरी वाढ झाली होती फक्त ०.३७ किलो. सव्वादोन किलो किंवा त्याहून जास्त वाढलेले लोक दहा टक्केही नव्हते. ही बातमी दिलासा देणारी आहे, पण अर्धीच. ही छोटीशी वाढ पुढच्या महिन्यांत उतरली नाही, आणि वर्षभरात वाढलेल्या वजनाचा मोठा वाटा या सणांच्या आठवड्यांतलाच निघाला. वर्षाला पाव-अर्धा किलो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दहा वर्षांनी मात्र तेच अडीच ते पाच किलो होतात आणि पोटाचा घेर दिसू लागतो.

गैरसमज : साखरेऐवजी गूळ किंवा खजूर घातला की लाडू हलका होतो.

वस्तुस्थिती : शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. वरच्या लाडवांत दीडशे ग्रॅम साखरेच्या जागी तितकाच गूळ घातला, तर अख्ख्या अकरा लाडवांत वाचतात तीस कॅलरी. एका लाडवामागे जेमतेम तीन. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण रक्तातली साखर तोही वाढवतो. खजुराचंही तेच आहे. ‘साखर न घातलेल्या’ लाडवातला खजूर निम्म्याहून जास्त साखरेचाच असतो. शिवाय लाडवातल्या कॅलरींचा सर्वांत मोठा वाटा साखरेचा नसून तुपाचा असतो. शंभर ग्रॅम तुपात जवळपास नऊशे कॅलरी असतात. लाडू हलका करायचाच असेल, तर तो लहान वळणं हाच त्यातल्या त्यात खरा उपाय.

‘शुगर फ्री’ मिठाईच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवावं. साखर गेली तरी खवा, काजू आणि तूप तिथेच असतात. मधुमेह असलेल्या अनेकांच्या ताटात हा डबा बिनधास्त फिरतो, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

गैरसमज : घरचं आहे, बेक केलेलं आहे, मग चालतं.

वस्तुस्थिती : ‘अहो घ्या ना, घरचंच आहे’ या आग्रहात थोडं तथ्य आहे. घरी तेल सहसा ताजं असतं आणि तेच तेल फारसं पुन्हा पुन्हा तापवलं जात नाही. वारंवार तापलेल्या तेलात घातक घटक साठतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तळणाच्या तेलासाठी मर्यादा घालून दिली आहे. पण ताजं तेलही तेलच. त्याच्या एका ग्रॅममधून नऊ कॅलरी मिळतात, मग ते कोणाच्याही कढईतलं असो.

बेक केलेल्या शंकरपाळ्यांचं तळण वाचतं. पीठ भिजवताना घातलेलं तुपाचं मोहन, साखर आणि मैदा मात्र तसाच राहतो. पातळ पोह्यांचा भाजका चिवडा तळलेल्यापेक्षा बरा, तरी त्यातले शेंगदाणे आणि सुकं खोबरं कॅलरींनी भरलेले असतात. हे पदार्थ वाईट नाहीत, शेंगदाणे तर पौष्टिकच. अडचण होते ती मांडीवर दिवाळी अंक आणि हाताशी चिवड्याचा डबा घेऊन बसल्यावर. वाटीत काढून घेतलेला चिवडा संपतो. डब्यातून खाल्लेला किती गेला, हे कळतही नाही.

गैरसमज : उपास केला की सगळं भरून निघतं.

वस्तुस्थिती : नवरात्रात नऊ दिवस उपास करूनही वजन तिथल्या तिथे, किंवा थोडं वरच, असा अनुभव अनेकींना येतो. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी असतात, प्रथिनं मात्र एक ग्रॅमही नसतात. त्यात दाण्याचं कूट, बटाटा आणि तूप पडलं की खिचडीची एक ताटली पोळी-भाजी-वरणाच्या साध्या जेवणाच्या बरोबरीला येते. वर बटाट्याचा कीस आणि वेफर्स असतातच.

दिवाळीनंतर दोन दिवस फक्त रसांवर राहून शरीर ‘साफ’ करण्याची टूमही निघाली आहे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात. उपाशी राहिल्यावर पुढच्या जेवणाला हात सुटतो, हाच बहुतेकांचा अनुभव. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा प्रयोग करू नये.

गैरसमज : आज खाऊ, उद्या चालून जिरवू.

वस्तुस्थिती : सत्तर किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला, तर साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. एका लाडवासाठी पाऊण तास. दोन लाडू, चार चकल्या आणि एक करंजी चालून जिरवायची म्हटलं तर सकाळ पुरणार नाही. तरीही चालणं सोडू नये. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर कमी उसळते, झोप बरी लागते, मन ताजं राहतं. एवढी कारणं पुरेशी आहेत.

गैरसमज : बारीक माणसाला कसली काळजी?

वस्तुस्थिती : या समजाला पुण्यातूनच सणसणीत उत्तर मिळालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रं आणि मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं प्रमाण) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त असू शकते, आणि ती पोटाभोवती साठली की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानतात. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आहे. घरातली शिलाईची टेप एवढं काम करू शकते.

मग उपयोगी काय पडतं?

याचं एक साधं उत्तर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधलं. त्यांनी नाताळच्या काळात २७२ जणांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून किमान दोनदा वजन करून लिहून ठेवायला सांगितलं, खाण्याबद्दल काही सोप्या सूचना दिल्या आणि सणाचा कुठला पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल याची यादी हातात ठेवली. दुसऱ्या गटाला आरोग्याची फक्त एक माहितीपत्रिका मिळाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटाचं वजन सरासरी ०.३७ किलोने वाढलं, पहिल्या गटाचं ०.१३ किलोने घटलं. 

दिवाळीतही असं करता येईल. आठवड्यातून दोनदा सकाळी उठल्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावं. अभ्यंगस्नानानंतरचा फराळ पोटभर करायचा, तर त्या दिवशीचा नाश्ता तोच समजावा, त्यावर पुन्हा पोहे नकोत. जेवणात वरण, उसळ, कोशिंबीर ठेवावी, म्हणजे संध्याकाळी डब्याकडे हात कमी जातो. कोणाकडे गेल्यावर आवडीचा एखादाच जिन्नस मनापासून खावा आणि यजमानांनीही दुसऱ्यांदा आग्रह करू नये. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फराळ भाऊबीजेला संपेल इतकाच करावा आणि उरलेला वाटून टाकावा. दिवाळीच्या चार दिवसांत खाल्लेल्या लाडवांपेक्षा तुळशीच्या लग्नापर्यंत रोज चहाबरोबर जाणाऱ्या दोन शंकरपाळ्या आणि मूठभर शेव वजनाला जास्त भोवतात.