माऊस रुसला तर?

गणपतीचे वाहन उंदीर, आणि संगणकाचेही तेच! 1964 च्या सुमारास अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस घडविला, तो चक्क लाकडाचा. आज तो अडून बसला, की सारे घर हवालदिल होते. त्यातून गाव भंडारा जिल्ह्यातील कोंढ्यासारखे आणि मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट राहिलेला. दुरुस्तीसाठी शहर गाठायचे म्हणजे सबंध दिवस मोडला!

अशा वेळी घाबरू नये. टॅब कळ दाबीत रकान्यामागून रकाना गाठता येतो. अर्ज आधी पुरा करावा. मग माऊस उलटा करून भिंगावरची धूळ सुक्या फडक्याने पुसावी. काचेच्या टेबलावर त्याला वाट दिसत नाही. खाली कागद ठेवावा. दुसऱ्या पोर्टला जोडून पाहावा. बिनतारी असेल तर सेल बदलावा.

तरीही भागले नाही, तर उबुंटू लिनक्सवर कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबून टर्मिनल उघडावे. एल, एस, यू, एस, बी ही अक्षरे सलग लिहून एंटर दाबावे. एकदा माऊस जोडून, एकदा काढून. दोन्ही याद्या सारख्याच आल्या, तर संगणकाला माऊस ओळखूच येत नाही. नाव दिसूनही बाण हलत नसेल, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

शेवटी शेजाऱ्यांचा संगणक आहेच. माऊस तिथे चालला, तर नव्याचे पैसे वाचले. तिथेही रुसला, तर खुशाल नवा आणावा!